सहीचा शुक्रवार

आमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला एका विषयाची परीक्षाच नसते. आपला प्रश्न आपण शोधायचा, एक मार्गदर्शक धरायचा, वर्षभर त्या प्रश्नामागे हिंडायचं आणि शेवटी सगळ्यांसमोर उभं राहायचं. माझी पाळी शुक्रवारी सकाळी होती. आणि त्याच दुपारी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला रजिस्ट्रार कचेरीत सहीला बोलावलं होतं. हिंजवडीतला जमिनीचा उरलासुरला तुकडा इंद्रजीतच्या नावावर करायचा होता, त्यासाठी मी, त्याच्या बहिणीने, हक्क सोडायचा होता.

माझा प्रश्न काय होता? बहिणी हक्कसोडपत्रावर सही का करतात! घरी मात्र मी 'ग्रामीण समाज' एवढंच सांगून ठेवलं होतं.

विजयमाला मॅडम माझ्या मार्गदर्शक. कोथरूडच्या. त्यांचं कौतुक 'बरं आहे' यापलीकडे जात नाही. पहिला मसुदा मी तावातावाने लिहिला होता : सही करणाऱ्या बायकांचा अडाणीपणा वगैरे. मॅडमनी त्या शब्दाखाली रेघ ओढली.

"यात मलाही धरा. पीएचडी झाल्यावर सही केलीय मी."

"का, मॅडम?"

"ते तुम्ही शोधा. प्रोजेक्ट तुमचा आहे ना?"

मला राग आला, त्याहून जास्त लाज वाटली. आजवर ज्यांच्याविषयी लिहीत होते, त्यांतल्या एकीलाही मी काही विचारलं नव्हतं. मग सही केलेल्या बायकांना भेटत सुटले. शेवटी मुक्ताईआत्याकडे गेले आणि तिचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं.

शुक्रवारी आप्पा मला न्यायला फारच लवकर आले. मॅडमनी त्यांना दारातच गाठलं.

"आपण निशाचे वडील ना? उन्हात कशाला उभे? आत बसा."

आप्पा मागच्या बाकावर बसले. आत्याचा आवाज गाळावा असं शंभरदा मनात आलं. पण तिनंच बजावलं होतं, "दादाला ऐकव. मला त्याच्या तोंडावर बोलता यायचं न्हाई." मी बटण दाबलं.

"भाऊ तुटला तर दिवाळीला जायाचं कुठं? म्हणून केली सही. साडी दिली, जेवाय घातलं, समदं केलं दादानं. पण 'मुक्ते, चालंल का तुला?' असं कुणी इचारलं न्हाई. इचारलं असतं तरी मी सही दिलीच असती."

टाळ्या झाल्या. मॅडम 'बरं आहे' म्हणाल्या. आप्पा उठून गाडीकडे चालू लागले.

चांदणी चौकात नेहमीप्रमाणे अडकलो, तेव्हा त्यांनी समोर बघतच विचारलं, "तू करणार हायेस सही?"

"हो."

"येवढं समदं शिकून?"

"मलाही दिवाळीला यायचंय ना, आप्पा." बोलता बोलता मला रडू फुटलं. पहिल्या मसुद्यात ज्याला मी अडाणीपणा म्हटलं होतं, तो माझ्यातच होता.

पुढची गाडी हलली. मागचे हॉर्न वाजवू लागले. आप्पांनी इंद्रजीतला फोन लावला आणि त्याला कचेरीतून घरी जायला सांगितलं.

"आधी मुक्ताकडं जाऊ," ते म्हणाले. मग गियर टाकता टाकता थांबले आणि माझ्याकडे वळले.

"चालंल का तुला?"