तोंडी आवतण

येडगावात गेणभाऊंचा आवाज ठाऊक नाही असा माणूस नव्हता, आणि धरणाच्या पलीकडच्या काठालाही फारसे कुणी नसावेत. ते आपल्या म्हशीला हाक मारत तेव्हा दुसऱ्यांच्या म्हशीही माना वर करत. देवळात भजनाला माईक आला, तेव्हा गेणभाऊंनी तो हाताने बाजूला सारला आणि मागे बसलेल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जेवताना मीठ मागायचं, तरी अशा सुरात मागत की शेजारीण वाटी घेऊन दारात उभी राही.

अशा माणसाचा आवाज दोन हजार साली, ऐन टोमॅटोच्या तोडणीत, एका सकाळी गेला. उठले, चहासाठी हाक मारायला तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. पुन्हा उघडलं, पुन्हा हवा. त्यांच्या बायको गोजरबाई चुलीपुढे बसल्या होत्या. आज आरडाओरडा नाही म्हणून त्यांनी आधी आपला चहा गाळून घेतला आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तो गरम असताना प्याल्या. मग मात्र ती शांतता त्यांना खुपायला लागली. वळून बघतात तर नवरा खाटेवर बसून तोंडाची नुसती उघडझाप करतोय, आणि उजवा हात मांडीवर लुळा पडलाय.

जीप करून नारायणगावला नेलं, तिथून पुण्याला. मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली होती. हातात पुन्हा जोर आला, चालणं सुधारलं, कळत तर सगळंच होतं. बोलणं तेवढं गेलं ते गेलं. लिहून दाखवावं, तर शाळेत गिरवलेली अक्षरंही त्याच वाटेने गेलेली. "येईल हळूहळू, किंवा नाहीही येणार," असं डॉक्टर म्हणाले. एवढं तर गोजरबाईंनाही सांगता आलं असतं.

माणूस मुका झाला की लोक त्याला बहिराही ठरवतात, हे गेणभाऊंना नव्याने कळलं. समाचाराला आलेला प्रत्येक जण त्यांच्या कानाशी ओरडे, "कसं वाटतंय?" काही जण तर आपलीही वाचा गेल्यासारखे हातवारे करत. नारायणगावचे कापडवाले गुलाबचंद शेठ आले, त्यांनी पोटावर हात फिरवून, भुवया उंचावून 'जेवलात का' विचारलं. शेठचं पोट बिघडलं असं वाटून गेणभाऊंनी आत जाऊन त्यांना ओवा आणून दिला. शेठही भले माणूस, त्यांनी तो चावून खाल्ला.

गोजरबाई दुभाषी झाल्या, आणि आयुष्यभर ज्या बाईला एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं तिच्या हाती सगळी भाषा आली. गेणभाऊंनी आणखी अर्ध्या कपाची खूण केली की त्या पाहुण्यांना सांगत, "आता पुरे म्हनत्यात." गेणभाऊ कप आपटत. "बघा, पुरे म्हंजे पुरे. लई शिस्तीचं झाल्यात." गेणभाऊंचा जळफळाट व्हायचा, आणि कधी कधी, खोटं कशाला बोला, हसूही यायचं.

हे सगळं त्यांनी सोसलं असतं. त्यांचा जीव अडकला होता तो सावळेरामपाशी.

सावळेराम हा त्यांचा धाकटा भाऊ. घराला घर लागून, शेताला शेत लागून, मध्ये एक बांध. आणि दोघांमध्ये अबोला. त्याचं मूळ यात्रेतल्या बैलगाड्यांच्या शर्यतीत होतं. दोघा भावांचा मिळून एक गाडा होता. घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या, तोंडाशी उजवा बैल गेणभाऊंनी धरला होता, डावा सावळेरामने. झेंडा पडला, एक बैल आधी सुटला, एक मागून, आणि गाडा घाट चढायचा सोडून आडवा जाऊन रसवंतीत शिरला. आख्ख्या तालुक्यापुढे हसं झालं. गेणभाऊ म्हणाले, तू उशिरा सोडलास. सावळेराम म्हणाला, तू आधी सोडलास. त्यानंतर दोघांनी एकमेकांशी शब्द काढला नाही. आता जो पहिल्यांदा बोलेल त्याने चूक कबूल केली, असं गावाने ठरवून टाकलं होतं, आणि गावाने ठरवलं की मग ते मोडणं अवघड. पारावर पैजासुद्धा लागल्या होत्या, जिलेबीच्या.

तसे ते बोलत नव्हते असंही नाही. सावळेरामच्या मोटारीचं पाणी वाया जाताना दिसलं की गेणभाऊ कुत्र्याला सांगत, "मोत्या, काही लोकांची पाईप फुटली हाय बरं का." पलीकडून सावळेराम आभाळाला उत्तर देई, "आमाला दिसतंय म्हनावं." अशा बोलण्याची मोजदाद नव्हती. त्यावर बरीच वर्षं निभावली. गेणभाऊंचा आवाज गेला आणि कुत्र्याला कुणी काही सांगेनासं झालं.

त्यातच थोरली लेक वृषाली हिचं लग्न ठरलं. मुलगा मंचरचा, चांगला नोकरीत. आता त्या बाजूची रीत अशी, की पत्रिका लांबच्यांना. भावकीला आवतण तोंडी. घरच्या कर्त्या पुरुषाने स्वतः दारात जायचं, अक्षत द्यायची आणि म्हणायचं, "चूलबंद आवतान हाय." म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी लग्नघरी जेवायचं. हे शब्द ज्याला म्हटले नाहीत तो सख्खा असला तरी मांडवात येत नाही, आणि आला तर लोक तोंडाला पदर लावून हसतात.

वाचा जायच्या आधीच गेणभाऊंनी मनाशी ठरवलं होतं. वृषालीचं जमलं की जायचं आणि आपण आधी बोलायचं. हरलो तर हरलो, पोरीच्या डोक्यावर अक्षता पडताना चुलता शेजारी उभा पाहिजे. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, कुणी नसताना, त्यांनी ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं होतं. तोडणी उरकली की पोरीचं जमवू आणि जाऊ, असं म्हणत राहिले. टोमॅटोपायी राहून गेलं, याची त्यांना आता इतकी चुटपुट लागे की ताटातली टोमॅटोची चटणी ते बाजूला सारत.

बरं, सावळेरामचं म्हणणं काय? त्याचं म्हणणं, गेणादादाची वाचाबिचा काही गेलेली नाही.

"म्या वळखतो त्याला," तो बायकोला, साळुबाईंना सांगायचा. "मला आधी बोलाय लावायचा डाव हाय ह्यो."

"आवं, पुन्याला नेलं व्हतं त्यांना. मेंदूचा फोटू काढला."

"फोटूत आवाज दिसतो व्हय?"

गंमत म्हणजे पारावरच्या निम्म्या लोकांना हे पटत होतं. गेणभाऊंचा हट्टच तसा होता. जिंकण्यासाठी हा माणूस मरेपर्यंत मुका राहील, असं लोक कौतुकाने म्हणत.

लग्न जवळ आलं तसे गेणभाऊ फेटा बांधून, गोजरबाईंना बरोबर घेऊन, अक्षतीचं ताट धरून सावळेरामच्या दारात गेले. सावळेराम ओट्यावर बसला होता. त्याने आढ्याकडे पाहिलं.

"भावजी," गोजरबाईंनी सुरुवात केली, "वृषालीचं..."

"वयनी, तुमी नगा. भावकीत बाप्यानं सांगायचं असतं. ज्याचं काम असंल त्यानं तोंडानं सांगावं."

गेणभाऊंनी तोंड उघडलं. शब्द डोक्यात लख्ख उभे होते, मोटारीच्या खोलीत घोटलेले. त्यांनी सगळं बळ लावलं, मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं. निघालं ते नुसतं "ऊं."

सावळेराम पाहत राहिला. मग आढ्यालाच म्हणाला, "लई झ्याक करत्यात."

गेणभाऊंनी अक्षत उंबऱ्यावर ठेवली आणि ते घरी आले. फेटाही न सोडता थेट मोटारीच्या खोलीत गेले आणि रडले. वडील वारले तेव्हाही ते असे रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते विहिरीवर होते. विहिरीच्या अंगाला लग्नाच्या जेवणासाठी राखलेली मेथी होती, हिरवीगार, दोन दिवसांत काढायला येणारी. त्यात म्हैस शिरलेली. म्हैस सावळेरामची. गेणभाऊंनी पाहिलं, तिच्या गळ्यात तुटलेलं दावं नव्हतं. कुणीतरी ते नीट सोडून घेतलं होतं. आणि बांधापलीकडच्या उसात एक पांढरी टोपी हलत होती.

मग त्यांच्या ध्यानात आलं. आपल्याला ओरडायला लावायचं आहे. परीक्षा चालली आहे.

गेणभाऊंना असा संताप आला की आवाज असता तर धरणाचं पाणी हललं असतं. ते टॉवेल फिरवत धावले. म्हशीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिला गेणभाऊंचा धाक होता तो आवाजाचा. असा मुका माणूस तिच्या काही ओळखीचा नव्हता. तिने पुन्हा मेथीत तोंड घातलं. गेणभाऊ एका बाजूने हाकलत, ती दुसऱ्या बाजूला सरके. ते वाफ्यातून, पाटातून धावले आणि नुकत्या पाणी दिलेल्या सरीत पाय घसरून फतकल मारून बसले. फेकून मारायला हातात ढेकूळही येईना, सगळा चिखल. त्यांनी उसाकडे तोंड केलं आणि जन्मभराची शिवी द्यायला जबडा उघडला. तो तसाच उघडा राहिला. काहीच आलं नाही. बंदही करवेना.

उसातली टोपी हलायची थांबली.

"अरं ए सावळ्या!"

क्षणभर गेणभाऊंना वाटलं, आपला आवाज परत आला. तोच फाटका सूर, तीच वडिलांकडून आलेली ओढ. त्यांनी आपल्या गळ्याला हात लावला.

"अरं ए सावळ्या, मुडद्या! डोळं फुटलं का रं तुझं? म्हैस बांधता येत न्हाई व्हय तुला, टोनग्या!"

बांधावर सावळेराम उभा होता. छाती फुगवून तो स्वतःलाच शिव्या देत होता, आणि त्याचे गाल ओले झाले होते. ओरडतच त्याने म्हैस मेथीतून बाहेर काढली, बांधापार घालवली, आणि परत येऊन गेणभाऊंशेजारी चिखलात बसला.

"एवढंच म्हननार व्हतास ना?"

गेणभाऊंनी नाही म्हणून मान हलवली.

"आनखी हाय?"

जोरात होकार.

"मंग घे. अरं रेड्या, लग्नाची मेथी चारतोस व्हय रं? लाज न्हाई तुला? घोड्याएवढा झालास तरी अक्कल यायची हाय?" त्याने थांबून भावाकडे पाहिलं. गेणभाऊंनी हाताने खूण केली, अजून. मग सावळेरामने एक अशी शिवी घातली की ती इथे लिहिता येणार नाही. गेणभाऊंचा जीव निवला.

सावळेराम हातातला चिखल चोळत होता.

"मला वाटलं, सोंग करतोयस," तो म्हणाला. "दादा, मला खरंच तसं वाटलं रं."

गेणभाऊंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सावळेरामने नाक पुसलं, घसा खाकरला, आणि पुन्हा तो फाटका, मोठा आवाज काढला.

"सावळ्या, वृषालीचं लगीन हाय. चूलबंद आवतान हाय. समद्यांनी यायचं."

एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मोटारीच्या खोलीत म्हटलेलं वाक्य ह्याला कुठून सापडलं, ते गेणभाऊंना कळेना.

मग आपल्या नेहमीच्या आवाजात, जरा खाली बघत, सावळेराम म्हणाला, "येतो, दादा."

एवढ्यात गोजरबाई धापा टाकत बांधावर आल्या, हाताला पीठ तसंच. ओरडा त्यांनी घरात ऐकला होता आणि त्या अनवाणीच धावल्या होत्या. "बोललं का? आवाज आला का त्यांना?" त्यांनी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला. पण गावातच जन्म गेलेला. पुढचं आपसूक तोंडून आलं. "मंग आधी कोन बोललं?"

सावळेराम उठायला लागला होता, तो थांबला. "दादाच बोलला की, वयनी. दारात येऊन आवतान दिलं त्यानं. मलाच ऐकू आलं नव्हतं."

आता गावात चूक आपली ठरणार आणि पारावर जिलेबी कोण खाणार, हे गेणभाऊंना ताबडतोब कळलं. नाही म्हणून मान हलवली असती तरी चाललं असतं. त्यांनी भावाकडे पाहिलं, मान डोलावून 'हो' म्हटलं, आणि त्याचा हात धरून चिखलातून उठले.