चादरीचं दुसरं टोक

माझा धाकटा बंद दारासमोर उभा राहतो, ते मला बघवत नाही. कडी नाही, कुलूप नाही, दार नुसतं लोटलेलं असतं. बोटाने ढकललं तर उघडेल. तरी हा बाबा समोर उभा. हात मागे, मान खाली. कोणी येऊन उघडेल तेव्हा आत जाणार. एकदा बाथरूमसमोर असाच उभा राहिला. घर माणसांनी भरलेलं, पण कोणाचं लक्ष गेलं नाही. शेवटी व्हायचं ते झालं आणि चाळिशीतल्या माणसाची पँट मी बादलीत भिजवली. आमची लाँड्री आहे, डागाचं मला काही वाटत नाही. त्याने माफी मागितली, तीही माझ्याकडे न बघता, दाराकडे बघून, त्याचं वाटलं.

हा पोरगा असा नव्हता. आमच्याकडे हॉटेलांच्या चादरी येतात, डबल बेडच्या. त्यांची घडी एकट्याच्याने होत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, मग चालत एकमेकांकडे यायचं आणि एकाने आपली टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची. घडीला मी आणि धाकटा. दुसरं कोणी मला चालायचं नाही. थोरल्याचं लक्ष काउंटरवर, आणि थोरली सून ताणते इतकं हळू की जणू चादरीला लागेल. धाकटा मात्र मुद्दाम हिसका द्यायचा, मी दोन पावलं पुढे धडपडायची, आणि हा म्हणायचा, "आई, झोपलीस का?" मी शिव्या द्यायची. दिवसभर आमचं हेच. धुतलेली चादर जमिनीला टेकली की पुन्हा धुवायची, असा माझा नियम आहे. त्या सगळ्या वर्षांत आम्ही दोघांनी एकही टेकू दिली नाही.

मग कुठल्याशा गोदामाला आग लागली, एक पहारेकरी मेला, आणि दुसऱ्याने माझ्या पोराकडे बोट दाखवलं. तुरुंगात नेल्यावर तिथले साहेब म्हणाले, मी केलं असं लिहून दे, चार माणसांत ठेवतो. हा देईना. हट्ट माझ्यावरच गेलाय. म्हणून एकट्याच्या कोठडीत टाकला आणि वर्षानुवर्षं तिथेच विसरले. पुढे ज्याने आग लावली तो मरायला टेकला तेव्हा स्वतःच बोलला. मग कोर्ट म्हणालं, चूक झाली. आमच्याकडे एकाची उशी दुसऱ्याच्या गठ्ठ्यात गेली तर तिला चूक म्हणतात.

घरी आला तेव्हा केस पांढरे, आवाज बारीक. भेटीच्या काचेतून एवढं दिसायचं नाही. उठू का विचारतो. पाणी पिऊ का विचारतो. मी काहीही बोलले तरी हो म्हणतो. माझ्या तोंडाला तोंड देणारं घरात तेवढं एकच माणूस होतं, आणि आता माझं बोलणं भिंतीवर आपटून मलाच परत येतं.

त्याला मागची खोली दिली. तिच्या भिंतीतून बॉयलरचा पाईप जातो. संध्याकाळी बॉयलर बंद केला की पाईप गार होता होता आवाज करतो, ठक, ठक. सगळ्या घराला त्याची सवय आहे. एकदा मी चहा घेऊन गेले, तर हा भिंतीला कान लावून बसलेला. पाईप वाजला की हा बोटाच्या हाडाने वाजवायचा. आधी दोनदा, मग थांबून एकदा. मग जिवाचा कान करून ऐकायचा.

"कोण आहे तिकडे?" मी विचारलं.

"कोणी नाही. पाईप आहे."

"माहीत आहे ना? मग?"

त्याने कप दोन्ही हातांनी धरला. "तिथे शेजारच्या कोठडीत एक जण होता. तोंड कधी बघितलं नाही. वाजवायचा, मी वाजवायचो. एक दिवस त्याचं यायचं बंद झालं."

"मग तू कशाला अजून?"

"मी थांबलो तर त्याला वाटेल मी गेलो."

त्याचा चहा संपला तशी मी कप उचलून बाहेर आले. आता पाईप वाजला की मीही ऐकते, पलीकडून काही येतंय का.

त्यातून परवाचं झालं. थोरल्याने त्याला इस्त्रीच्या रोलरपाशी उभं केलं होतं. चादर अडकली, धूर निघाला. बटण हाताशी होतं. हा उभाच. मशीनवर काम करणारी बाई आहे, तिला आम्ही भोंगा म्हणतो, कारण मशीनच्या आवाजातही तिचंच ऐकू येतं. ती ओरडत धावत आली म्हणून निभावलं. थोरल्याने विचारलं, बंद का नाही केलंस? धाकटा म्हणाला, "कोणी सांगितलं नाही."

जेवताना थोरल्याने विषय काढला. "आई, एक संस्था आहे. अशाच माणसांसाठी. चांगली आहे, मी बघून आलो. स्वतंत्र खोली देतात. जेवण खोलीत आणून देतात. कसला गोंगाट नाही. रात्री काळजी नको म्हणून दार बाहेरून लावून घेतात."

थोरलीचा घास हातातच राहिला. "अहो, काय बोलताय ते ऐकताय का?"

थोरला वाईट नाही. त्याला खरंच ते ऐकू आलं नव्हतं. ऐकू आल्यावर त्याचं तोंड उतरलं. पण तेवढ्यात धाकटा म्हणाला, "मी जातो. तिथे मला जमेल."

आल्यापासून पहिल्यांदा त्याने न विचारता काहीतरी सांगितलं होतं, आणि ते हे.

संस्थेचा माणूस आज दुपारी आला. सभ्य वाटला. म्हणाला, त्यांची स्वतःची इच्छा असेल तरच नेऊ, त्यांनी माझ्यासमोर येऊन सांगावं. थोरल्याने त्याला काउंटरपाशी बसवलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तू घरातली मोठी, तुझ्या शब्दापुढे कोणी जात नाही, सांग की पोराला राहा म्हणून. तीच तर पंचाईत. मी राहा म्हटलं की तो राहणार. बस म्हटलं की बसणार. मग कोठडी तीच, फक्त पहाऱ्यावर मी. जन्मभर हुकूम सोडले, आणि आज एक हुकूम द्यायची सोय नव्हती.

मागच्या खोलीतून काउंटरकडे जायचं तर घडीच्या खोलीतून जावं लागतं. तिच्या दाराला वर काच आहे. मी दार लोटून घेतलं आणि टेबलापाशी उभी राहिले. थोड्या वेळाने काचेत त्याचं डोकं दिसलं. काखेत टॉवेलात बांधलेले कपडे. आला आणि उभा राहिला.

दाराकडे जायचं नाही असं मी पायांना बजावलं. ढिगातली एक चादर उचलली, दोन कोपरे धरले आणि झटकली. पलीकडचं टोक टेबलावरून घसरायला लागलं. हळूहळू घसरलं आणि जमिनीला टेकलं. काचेतलं डोकं हललं नाही. मी चादर पुन्हा धुण्याच्या टोपलीत टाकली.

कोपऱ्यातल्या रोलरवरून भोंगा बघत होती. "मालकीणबाई, मी धरू का?"

"तू तुझा रोलर बघ."

दुसरी घेतली. तीही गेली. काउंटरवरून थोरल्याचा आवाज आला, "आई, त्याला पाठव ना, साहेब थांबलेत." खांदे भरून आले होते. वाटलं, उघडावं आता. चार पावलांवर तर आहे. उघडलं की तो येईल, मला ओलांडून पुढे जाईल, तिकडे हो म्हणेल, आणि मग एखाद्या स्वच्छ, शांत खोलीत भिंतीवर दोनदा वाजवून थांबेल.

तिसरी चादर सगळ्यात मोठी होती. माझ्या हातांना आता ती पेलवत नाही. झटकली तशी ती भसकन खाली निघाली.

दार भिंतीवर आपटलं.

बोचकं कुठे पडलं मी बघितलं नाही. तो गुडघ्यांवर होता, चादरीचं टोक जमिनीपासून वीतभर वर, त्याच्या दोन्ही मुठींत. धापा टाकत होता. मग त्याने मागे वळून उघड्या दाराकडे बघितलं. आपण काय केलं हे त्याला आत्ता कळत होतं. मुठी सैल व्हायला लागल्या. कोणी रागवेल याची वाट बघत होता.

मी चादर ताणली. आमच्या मापाने, ना कमी ना जास्त.

तो उठला. त्याची बोटं कोपऱ्यांवर गेली, अंगठा आत, तशीच, पूर्वीसारखी. माझ्याकडे आला नाही. लांबच उभा राहिला. मग चादरीतून दोन बारीक हिसके आले. थांबून एक.

भोंगाने रोलर बंद केला होता. मी दोन हिसके दिले. थांबून एक दिला.

काउंटरकडच्या दारात थोरला येऊन थांबला होता, मागे संस्थेचा माणूस. शेवटी धाकटा एक पाऊल पुढे आला, मग आणखी एक, आणि टोकं माझ्या हातात देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. गार होती.

टोपलीकडे बघून तो म्हणाला, "दोन पाडल्यास. धड धरता येत नाही का तुला?"

घडी मांडून मी हाताने दाबली. कडा सरळ आली नव्हती.

"उर्मट आहेस," मी म्हणाले. "होतास तसाच आहेस. असल्या माणसाला तिकडे संस्थेत खोली द्यायला कोण बसलंय? वाकडी झालीये ही. उघड, आणि पुन्हा धर."