मला विसराळू ठरवलं तेव्हा

मी एक म्हातारा उंदीर आहे. मित्रांनो, बिळातला नव्हे, प्रयोगशाळेतला. दार करकरलं की अजूनही मी कोपऱ्यात दडतो.

माझ्या जन्माआधीच आमच्या वंशातलं एक जनुक काढून टाकलं होतं. जनुक म्हणजे शरीर कसं घडावं हे सांगणारी, आईबापांकडून आलेली सूचना. त्या जनुकावाचून स्मरणशक्ती जाते का, हे संशोधक ताईंना शोधायचं होतं.

ताईंच्या हाताला साबणाचा वास येई. त्याच उबदार हाताने त्या मला गार पाण्याच्या हौदात सोडत. पाण्याखाली एक चौथरा लपवलेला असे; त्यावर चढलं की सुटका. भिंतींवर चित्रं होती म्हणे. त्यांच्या खुणेने जागा लक्षात ठेवायची. तुलनेसाठी बाहेरून आणलेले दुसऱ्या वंशाचे उंदीर सरळ तिकडे जात. मी मात्र पाय गळेपर्यंत कडेकडेने गरगरत राही. पिंजऱ्यात परतलो तरी चैन नसे, नुसत्या येरझारा.

"पक्का विसराळू आहे," मोठे सर खुशीत म्हणाले. "जनुक सापडलं. शास्त्रज्ञांच्या परिषदेत जाहीर करू. यावर औषधही निघेल."

विसरण्याबद्दल शाबासकी मिळालेला मी पहिलाच असेन.

ताईंना मात्र ते पटत नव्हतं. एके दुपारी त्यांनी चौथरा पाण्यावर काढून त्याला झेंडा लावला. आता आठवायचं काहीच नव्हतं. बघायचं आणि पोहत जायचं. मी अगदी शेजारून गेलो आणि पुन्हा गरगरू लागलो.

ताईंनी मला फडक्यात गुंडाळलं. "अरे, तुला दिसतच नाही की काय?"

दिसणं म्हणजे काय, हे मला कुठे ठाऊक होतं?

तपासणीत कळलं, आमच्या वंशातच आंधळेपणा होता. काढलेल्या जनुकाशी त्याचा काही संबंध नव्हता. मग ताईंनी कोरड्या पेटीत, एका विशिष्ट वासाच्या भुशाखाली दाणे पुरले; ते मी उकरून खाल्ले. दुसऱ्या दिवशी दाणे नसतानाही मी थेट त्याच वासाकडे धावलो.

"सर, तो विसरत नाही. परिषदेत हे सांगता येणार नाही."

सरांनी भाषणाचे कागद मिटले. "म्हणजे सगळी मेहनत पाण्यात."

"पाण्यात तर तो जात होता, सर."

सरांनी भाषण रद्द केलं. पण माझ्यासोबत हौदात पोहलेल्या माझ्या भावांचे मेंदू त्याआधीच कापून झाले होते, विसराळूपणा कुठे दिसतो ते बघायला. त्यांचा वास मी अजून या पिंजऱ्यात शोधतो.

मित्रांनो, आमच्यावर प्रयोग करायची वेळ आलीच, तर आधी आमचे डोळे तपासा. आणि वर्गात कुणी फळ्यावरचं चुकीचं उतरवलं, तर त्याला मठ्ठ म्हणू नका. त्याला पुढच्या बाकावर बसवून बघा.