टेकडीचा ब्रेक

न्यूझीलंडच्या त्या टेकडीवर उतरायचं ते चढाकडे तोंड करून आणि उडायचं उताराकडे. वाऱ्याला विचारतंय कोण! धावपट्टीवरचं गवत मेंढ्या खातात आणि विमान आलं की वर उभा असलेला, विमानात खत भरणारा खतवाला ट्रकचा भोंगा वाजवून त्यांना हाकलतो. आज हा खतवाला, टिपेने नावाचा म्हातारा, चहा पीत बसला आणि भोंगा राहिला.

विमानातून शेतांवर खत टाकून परतणाऱ्या वैमानिक आइल्साला मेंढी दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. डावं चाक धाडकन मेंढीवर आपटलं. तिने विमान दरीकडे वळवून कसंबसं वर काढलं.

"पोरी, चाक लोंबतंय!" रेडिओवर टिपेने ओरडला. "शहरात जा. तिथली पट्टी सपाट आहे, आगीचा बंब आहे."

"सपाट आहे म्हणूनच नको. एका चाकावर कुठल्या कुठे घसरत जाईन. इथे टेकडीच ब्रेक लावते."

"डोकं फिरलंय का? चूक माझी आहे गं! तुझं मढं उचलायला लावू नकोस मला."

"रडगाणं नंतर गा, म्हाताऱ्या. मेंढ्या हाकल, ट्रक बाजूला घे आणि डावा पंख किती वर आहे ते सांगत राहा. मला तिकडचं खालचं दिसत नाही."

भीती तिलाही वाटत होती, खोटं कशाला बोला! पण ही टेकडी तिच्या रोजच्या सरावाची होती.

"पंख वर आहे," टिपेनेचा आवाज आला. "सरळ आहे. तशीच ये. छान. तशीच ये."

उजवं चाक गवताला लागलं. डावा पंख वर राहावा म्हणून तिने सुकाणूचा दांडा उजवीकडे दाबून धरला. चढाने वेग खाऊन टाकला, मग पंख हळूच टेकला, विमान गर्रकन फिरलं आणि थांबलं.

टिपेने धापा टाकत आला. ती खाली उतरली.

"तू बोलत होतास म्हणून निभावलं बघ," ती म्हणाली.

म्हातारा रडायलाच लागला. "मला बघवेना गं. डोळे घट्ट मिटूनच बोलत होतो मी."

आइल्सा गवतावर बसून पोट धरून हसली.

"म्हणजे मेल्या, एकटीनेच उतरवलं की मी!"