डाव्या हाताचा वाफा

वाल्मिकने एक रोप उपटलं, बोटाने माती उकरली आणि तेच रोप थोड्या अंतरावर पुन्हा खोचलं. मग दुसरं. अंधारून यायच्या आत वाफा ठाकठीक करायचा होता. शनिवारची शाळा सुटल्यावर दुपारभर खपून पंकजाने कांद्याचा हा वाफा एकटीने लावला होता. लावला म्हणण्यापेक्षा सांडला होता म्हणावं, असा. एका कोपऱ्यात रोपांची जत्रा आणि मधे नुसती उघडी माती.

"एक नंबर झालाय," असं मात्र तो तिला दुपारीच सांगून बसला होता. अकरा वर्षांची लेक त्याची. तिचा चेहरा फुलला की वाल्मिकला दुसरं काही सुचत नसे.

त्याच्या बायकोचं, मोनिकाचं, तसं नव्हतं. तिने बांधावरूनच तोंडाचा पट्टा सोडला होता.

"डोळं कुठं हुतं गं तुझं? हितं मुठीनं टाकलंय अन् तिथं टक्कल! कांदे लावलेत का गवत?"

बोलून ती आपल्या कामाला निघून गेली होती. पोरीची खाली गेलेली मान बघायला मागे राहिला तो वाल्मिक. म्हणूनच तर मायलेकी घरी गेल्यावर तो इथे उकिडवा बसला होता. शेवटचं रोप दाबून त्याने कंबर सरळ केली, तेव्हा त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

रविवारी सकाळी तिघं वावरात आले. वीज यायच्या आत उरलेले वाफे लावून पाणी सोडायचं होतं. पंकजा कालच्या वाफ्यापाशी थबकली. खाली बसून जरा वेळ बघत राहिली, मग उठून शेवग्याखाली जाऊन बसली.

"मी न्हाई लावणार आता."

वाल्मिकचा पारा चढला, पण पोरीवर नव्हे. तो बायकोकडे वळला.

"झालं समाधान? मन मोडलंस तिचं."

"मी बोलले ते खोटं हुतं का?"

"लहान हाय ती."

"लहान हाय म्हनूनच सांगते. तुमी नुसतं डोक्यावर घ्या."

हे भांडण पंकजाने पहिल्यांदा पाटी हातात घेतली तेव्हापासूनचं. आपण पोरीला जपतो आणि मोनिका तिला टोचते, याबद्दल वाल्मिकच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तो शेवग्याखाली गेला, तिच्या शेजारी बसला.

"आई बोलली म्हनून रुसलीस व्हय?"

पंकजाने नकारार्थी मान हलवली.

"मग?"

तिने वाफ्याकडे बोट केलं. "मी डाव्या हातानं लावते ना. माझी रोपं बांधाकडं कलत्यात. आता समदी हिरीकडं कलल्यात. तुमच्यासारखी."

वाल्मिकने पाहिलं. खरंच, सगळा वाफा विहिरीकडे झुकला होता. इतकी वर्षं कांदा लावून ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती.

"जरा दाट झालं हुतं, म्हनून…"

"मग एक नंबर का म्हनलात?"

वाल्मिक पायाजवळचं ढेकूळ बोटांनी फोडत बसला.

"आई बोलती," पंकजा म्हणाली, "पन माझं उपटत न्हाई."

पोरीसमोर इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. मोनिकाने सगळं ऐकलं होतं. एरवी असा मोका तिने सोडला नसता. आज मात्र ती पुढे आली. रोपांची पेंढी उचलून तिने पोरीपुढे धरली.

"कडंचा वाफा तुझा. जमंल तसा लाव."

'जमंल तसा' हे शब्द तिच्या तोंडून वाल्मिकने पहिल्यांदाच ऐकले. पंकजानेही बहुतेक पहिल्यांदाच, कारण ती क्षणभर आईकडे बघत राहिली. मग पेंढी घेऊन उठली.

तिचा वाफा संपत आला तेव्हा वीज आली. मोटार सुरू झाली, पाटातून पाणी चालत आलं. पंकजाने फ्रॉकला हात पुसले.

"पप्पा, कसा झालाय?"

शब्द ओठांवर तयारच होते. वाल्मिकने ते गिळले.

"कोपऱ्यात लई दाट," तो म्हणाला. "मधी विरळ. कालच्यापरीस बरा हाय."

तिचा चेहरा उतरला, आणि ते बघणं त्याला फार जड गेलं. कोपऱ्यात एकाच जागी तीन-तीन रोपं दाटीने उभी होती. ती उपटून सारखी करायला त्याचे हात शिवशिवले. त्याने फावडं उचललं आणि पहिली धार तिच्याच वाफ्यात वळवली. बघता बघता पाणी कोपऱ्यापर्यंत पोचलं, माती चिखल होऊन बसली. आता तिथे कुणालाच हात घालता येणार नव्हता.

पंकजा वाकून बघत होती.

"एवढं दाट म्हनल्यावर कांदे बारके पडतील ना?"

"पडतील," वाल्मिक म्हणाला.

"पडू दे," पाटाच्या पलीकडून मोनिका म्हणाली. "आपल्यालाच खायचेत."