कोण राहतं ते सांगायचं नाही

ऑपरेटरबाईंचे गुडघे धड असते तर हे त्यांच्या वाट्याला आलंच नसतं.

आमच्या चर्चमधून आम्ही अकरा जण त्या परक्या देशात तीन आठवड्यांच्या सेवेला गेलो होतो. तिथली मंडळी बेघरांसाठी एक निवारा चालवायची. आम्ही बाकीचे सूप वाढायचो, चादरी धुवायचो, जिने पुसायचो. बाईंना फार वेळ उभं राहवेना. निवारा सांभाळणाऱ्या बाईच्या कमरेला सदा किल्ल्यांचा जुडगा असायचा, म्हणून आम्ही तिला किल्लीवाली म्हणायचो. तिने ऑपरेटरबाईंना जिन्याखालच्या खोलीत फोनवर बसवलं. त्यांची अख्खी नोकरी टेलिफोन खात्यात परदेशी कॉल जोडण्यात गेलेली. तिथली भाषा त्यांना मोडकीतोडकी का होईना, यायची.

"नियम एकच," किल्लीवाली म्हणाली. "इथे कोण राहतं ते फोनवर सांगायचं नाही. सख्ख्या आईने विचारलं तरी नाही. नवऱ्याच्या मारातून पळून आलेल्या बायका आहेत इथे. निरोप लिहून घ्यायचा, ज्याचा त्याला द्यायचा. पुढे त्याची मर्जी."

"बत्तीस वर्षं माणसं जोडून दिली," बाई हसून म्हणाल्या, "आता तोडायचं काम आलं होय!"

खोलीसमोरच्या बाकाखालून गरम पाण्याचा पाइप गेला होता. तिथे साठीची एक बाई दिवसभर ठिय्या देऊन असायची. डोक्यावर एकावर एक तीन टोप्या, म्हणून टोपीवाली. डाव्या भुवईतून आरपार गेलेला जुना व्रण. फोन वाजला की ती बाकावरूनच ओरडायची, "माझा असेल तर मेले म्हणून सांग!" आणि स्वतःच इतकी हसायची की खोकल्याची उबळ यायची.

दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी दुपारी, एका बाईचा फोन आला.

"माझी मोठी बहीण नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेली. डाव्या भुवईवर व्रण आहे. लहानपणी मीच झोपाळ्यावरून ढकललं होतं तिला. तुमच्याकडे आहे का हो?"

दार उघडंच होतं. समोर टोपीवाली टोपीचा सुटलेला दोरा दातांनी तोडत होती.

"इथे कोण आहे ते मला सांगता येत नाही. निरोप द्या."

"सगळीकडे हेच ऐकते मी. बरं, एवढंच सांगा, जिवंत आहे का?"

"निरोप द्या," बाई पुन्हा म्हणाल्या.

त्यांनी लिहून घेतलं. आई गेली. घरात आता मी एकटीच आहे. तुला कोणी काही बोलणार नाही. ये. खाली नंबर.

बाईंनी टोपीवालीला कागद वाचून दाखवला. तिने सगळं ऐकून घेतलं. "चुकीच्या ठिकाणी लागला तिचा फोन," एवढंच म्हणाली आणि उठून गेली. त्या दिवशी ती सूप घ्यायलाही आली नाही.

रविवारी उपासनेनंतर ती आपणहून खोलीच्या दारात आली. "तो कागद आहे का अजून?"

"आहे की. लावू फोन?"

"आत्ता नको. उद्या बायकांचा अंघोळीचा दिवस आहे. केस धुते, मग लाव."

"अगं, फोनवर कुठे काय दिसतं?"

"तिला नाही दिसणार. पण तिच्याशी बोलताना माझाच वास माझ्या नाकात नको."

बाईंना हसू आलं. "बरं, उद्या तर उद्या. नट्टापट्टा करून ये!"

सोमवारी सकाळी किल्लीवाली उठवायला गेली, तर टोपीवाली उठलीच नाही. छाती भरली होती, झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले. अंघोळीसाठी मिळालेला टॉवेल तिने घडी घालून उशाशी ठेवला होता.

"आता नियम उरला नाही," किल्लीवाली डोळे पुसत म्हणाली. "मी करते फोन."

"नको, मीच करते," बाई म्हणाल्या.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. बाईंनी निवाऱ्याचं नाव सांगितलं मात्र, पलीकडून धाकटी बोलू लागली. "तुम्हीच ना त्या शुक्रवारच्या? आहे का ती तिथे? सांगा ना, आहे?"

"आहे," बाई म्हणाल्या. पलीकडे धाकटी आनंदाने रडत होती, कोट घालते, निघतेच म्हणत होती. "ऐका, ऐका जरा," बाई म्हणत राहिल्या. शेवटी किल्लीवालीने फोन त्यांच्या हातातून घेतला आणि उरलेलं सांगितलं, केस धुवायचे राहिले तेही.

धाकटी अर्ध्या तासात आली. बसच्या चार स्टॉपवरच राहत होती. कोटाची बटणं वरखाली लागलेली.

"शुक्रवारी ती कुठे होती?" तिने विचारलं.

बाईंनी बाक दाखवला.

"आणि तुम्ही?"

"या खुर्चीत."

धाकटीने खुर्चीपासून बाकापर्यंत नजर फिरवली. आठ पावलंही नव्हती. आमच्याबरोबर आलेले चर्चचे पाळक पुढे झाले, प्रार्थना करू का म्हणाले.

"नंतर," ती म्हणाली. "आधी गरम पाणी द्या."

तिने बहिणीच्या टोप्या एकेक करून काढल्या. आत लांब, जटा झालेले केस होते. ते ती बोटांनी सोडवत बसली, आणि चक्क रागावत होती. "काय हा गुंता करून ठेवलास गं! किती वेळा सांगितलं, रोज विंचरावेत!" ऑपरेटरबाई पाऊण तास शेजारी तसराळं धरून उभ्या होत्या. मी पाणी आणून देत होते. दोनदा त्यांना खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत.

केस पुसून झाल्यावर बाई म्हणाल्या, "मला माफ करा."

"तुमचं काही चुकलं नाही हो," धाकटी टॉवेल पिळत म्हणाली. "चुकलं असतं तर तुमच्यावर ओरडले तरी असते."

मग ती पुन्हा बहिणीजवळ बसली आणि आम्ही बाहेर पडलो.

घरी परतल्यावर पहिल्या रविवारी चर्चमध्ये आमच्या साक्षी झाल्या, एकेकाने उठून सेवेतला अनुभव सांगायचा. कोणी सुपाबद्दल बोललं, कोणी तिथल्या थंडीबद्दल, कोणी प्रभूने दिलेल्या बळाबद्दल. ऑपरेटरबाई माइकसमोर गेल्या.

"एका बाईने मला विचारलं, माझी बहीण आहे का. ती होती. मी सांगितलं नाही."

एवढं बोलून त्या जागेवर येऊन बसल्या. पाळकांनी गीताचा नंबर सांगितला. मी बाईंचा हात हातात घेतला. आम्ही सगळी कडवी म्हटली. बाईंनी पुस्तक उघडलंच नाही.