लक्ष्मीबाईच्या गोष्टीतली साडी

लक्ष्मीबाईची गोष्ट झाल्याशिवाय तेरखेड्याकडच्या त्या फटाक्याच्या कारखान्यात हंगाम सुरू होत नसे. पहिल्या दिवशी मालक बायांना शेडबाहेर बसवायचा आणि म्हणायचा, "लक्ष्मीबाई, सांगा तुमचं." मग ती भाजलेला हात वर करून पंचवीस वर्षांपूर्वीची आग अशी काही रंगवायची की विचारू नका. मुकादम एका पायातल्या चपलेवर कसा पळाला, कुणी घाबरून तिच्या अंगावर ताकाचा हंडाच कसा ओतला. बाया पोट धरून हसायच्या. हसताहसता सांगितलेलं ध्यानात राहतं, असं मालकाचं म्हणणं. दगडाबाई तेवढी हसायची नाही. तिची आई गंगम्मा त्याच आगीत गेली होती, मग तिला हसू तरी कुठून येणार?

यंदा सून हर्षालीही कामाला निघाली. सकाळी बघते तर पोरगी माहेरची नायलॉनची साडी नेसून तयार.

"सुती नेस गं. दारू भरायचीय तिथं."

"मामी, तुम्हीच सांगता की, दगडावर लोखंड घासलं नि ठिणगी पडली. साडीचा काय संबंध?" सासूला ती मामी म्हणायची.

लक्ष्मीबाईनं रागावून पाहिलं, गोडीनं सांगून पाहिलं. सून ऐकेना. आपलीच गोष्ट आपल्याला आडवी आली, आता कुणाला बोल लावायचा?

शेडबाहेर बाया जमल्या. हर्षाली पुढंच बसली होती, नवी साडी मिरवत. मालकानं खूण केली. लक्ष्मीबाई उभी राहिली, गोष्ट मुकादमाच्या चपलेपर्यंत आली, बाया हसू लागल्या, आणि तिची नजर हर्षालीच्या साडीवर गेली. उद्या या लेकराचं काही झालं तर कुणाला तोंड दाखवू, असं तिच्या मनात आलं.

"ठिणगी दगडाची न्हवती," ती म्हणाली. "माझ्या साडीची व्हती. पंचमीला भावानं घेतलेली, अशीच नायलॉनची. गंगम्मा म्हणली, लक्ष्मे, बदलून ये. म्या म्हणलं, तुला बघवंना व्हय? साडी अंगाला घासून चटचटली, ठिणगी उडाली, दारूनं पेट घेतला. साडी वितळून अंगाला चिकटली. गंगम्मानं मला कवटाळून विझवलं, नि तीच पेटली. लाज वाटली म्हणून म्या दगडाचं नाव घेतलं."

कुणी हसलं नाही. हर्षाली पदर आवळून उठली आणि घराकडं साडी बदलायला निघाली. मालक उगाच खिशात मोबाईल चाचपत राहिला.

दगडाबाई उठून जवळ आली. आता ही चारचौघींत शिव्या घालणार, लक्ष्मीबाईला वाटलं. घालू दे, तिचा हक्कच आहे.

"आईनं दवाखान्यात सांगितलं व्हतं मला," दगडाबाई म्हणाली.

"मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"तिनं काय केलं ते तुमच्या तोंडून ऐकायचं व्हतं. दरसाली त्यासाठीच येऊन बसायचे."

लक्ष्मीबाई वयानं मोठी. तरी ती दगडाबाईच्या पायाशी वाकली. दगडाबाईनं तिला धरून उठवलं नाही. पाय मात्र मागं घेतले नाहीत.